वरिष्ठ सभागृहातील ज्येष्ठता कोणाची?

दर दोन वर्षांनी मुंबईच्या विधान भवनात राज्यसभेची निवडणूक येते आणि जाते. पुष्कळदा मतदानाची वेळच येत नाही. जितक्या जागा तितकेच अर्ज भरले जातात आणि निवडणूक बिनविरोध उरकते. जून २०२२ मध्ये सहा जागांसाठी सात उमेदवार उभे राहिले, तेव्हा त्या चुरशीचेच सर्वांना अप्रूप वाटले, यातच सारे आले. आटपाडीच्या बाजारपेठेत जिल्हा परिषदेच्या एखाद्या गटावरून तासन्‌तास वाद झडतात. पण महाराष्ट्राच्या १९ राज्यसभा सदस्यांपैकी पाच जणांची नावे सांगा म्हटले तर भलेभले गप्प होतात. दोष त्या माणसांचा नाही. जे सभागृह आपले आहे असे कधी जाणवलेच नाही, त्यातील माणसांची नावे कोण कशाला पाठ करील?

असे असले तरी मराठीत आपण या सभागृहाला मोठ्या आदराने 'वरिष्ठ सभागृह' म्हणतो. वरिष्ठ म्हणजे श्रेष्ठांतही श्रेष्ठ. जुन्या संसद भवनाच्या भिंतीवर महाभारतातील एक वचन कोरलेले आहे. वृद्धांवाचून सभेला सभापण येत नाही आणि जो धर्माचे बोलत नाही तो वृद्धच नव्हे, असा त्याचा आशय आहे. या वचनाचा पूर्वार्ध आपल्या राजकारण्यांनी तोंडपाठ केला आणि उत्तरार्ध सोयीस्करपणे विसरला. म्हणूनच आज राज्यसभेत ज्येष्ठता म्हणजे नेमके काय, ती कोणाची, आणि ती कोणाच्या कामी येते, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारण्याची वेळ आली आहे.

चिठ्ठ्यांनी सुरू झालेली ज्येष्ठता

राज्यसभेची रचनाच ज्येष्ठतेच्या तत्त्वावर उभी आहे. लोकसभा विसर्जित होते, राज्यसभा होत नाही. संविधानाच्या ८३व्या अनुच्छेदाने दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतील अशी व्यवस्था केली. तिचा अर्थ असा की, कोणत्याही क्षणी सभागृहातील सुमारे दोन तृतीयांश सदस्य किमान दोन वर्षांचे अनुभवी असावेत. नव्याने आलेल्याला जुन्याने वाट दाखवावी, सभागृहाची स्मृती कधी तुटू नये, हा त्यामागील हेतू होता.

पण या ज्येष्ठतेचा आरंभ कसा झाला हे पाहण्याजोगे आहे. ३ एप्रिल १९५२ रोजी राज्यसभा अस्तित्वात आली आणि १३ मे रोजी तिची पहिली बैठक झाली. तेव्हाचे सगळे, म्हणजे २१६, सदस्य एकाच वेळी नवे होते. मग दोन वर्षांनी कोणी जायचे, चार वर्षांनी कोणी आणि सहा वर्षे कोणी बसायचे? त्यासाठी चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. ज्याच्या नशिबी जी चिठ्ठी आली तितका त्याचा काळ. ज्यांना आज ज्येष्ठता हा आपला जन्मसिद्ध अधिकार वाटतो, त्यांनी हे ध्यानी ठेवावे की या सभागृहातील पहिली ज्येष्ठता दैवाने दिली होती, कर्तृत्वाने नव्हे.

वयाच्या बाबतीतही घटनाकारांनी अतिरेक केला नाही. वरिष्ठ सभागृहाच्या सदस्यासाठी किमान ३५ वर्षांची अट सुचविण्यात आली होती. संविधान सभेत दुर्गाबाईंनी, म्हणजे पुढे चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी झालेल्या दुर्गाबाई देशमुखांनी, ती ३० वर आणण्याची दुरुस्ती मांडली आणि ती स्वीकारली गेली. केवळ पिकलेल्या केसांना त्या पिढीने शहाणपण मानले नाही. लोकसभेसाठी २५ आणि राज्यसभेसाठी ३०, एवढेच पाच वर्षांचे अंतर तिने राखले.

सभागृहाने खरी ज्येष्ठता कशी ओळखली?

सभागृहाच्या इतिहासातही ज्येष्ठता ही निव्वळ कार्यकालाची बेरीज मानली गेलेली नाही. उपसभापतिपदाचेच उदाहरण घ्यावे. बॅरिस्टर भाऊराव खोब्रागडे हे चंद्रपूरकडचे, रिपब्लिकन पक्षाचे नेते. संख्येने लहान अशा पक्षाच्या या सदस्याला सभागृहाने डिसेंबर १९६९ मध्ये उपसभापती केले आणि एप्रिल १९७२ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. प्रतिभाताई पाटील राज्यसभेत १९८५ मध्ये आल्या आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये उपसभापती झाल्या. राज्यसभेच्या हजेरीपटावर त्या कालपरवाच्या होत्या. पण १९६२ पासून महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यांनी दोन तपांहून थोडा कमी काळ काढला होता, आणि सभागृहाने तो हिशेबात धरला. उलट बाजूस नजमा हेपतुल्ला यांचे उदाहरण आहे. मधला थोडा काळ वगळता १९८५ ते २००४ या कालखंडात महाराष्ट्राच्या या सदस्येने उपसभापतिपद भूषविले. ऑगस्ट २०१८ मध्ये उपसभापती झालेले पत्रकार हरिवंश हे तर तेव्हा पहिल्याच कार्यकालात होते.

जुलै २०२३ मध्ये तत्कालीन सभापती जगदीप धनखड यांनी पीठासीन उपाध्यक्षांच्या तालिकेची फेररचना केली. आठ जणांत चार महिला होत्या. त्यांत नागालँडच्या फांगनॉन कोन्याक होत्या, धावपटू पी. टी. उषा होत्या आणि आपल्या महाराष्ट्राच्या फौजिया खानही होत्या. चौघीही राज्यसभेत पहिल्यांदाच आलेल्या होत्या. आसनावर बसण्यासाठी रांगेत किती वर्षे उभे राहिलात, असे त्यांना कोणी विचारले नाही, आणि सभागृहाचे त्यामुळे काही बिघडलेही नाही.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट सिद्ध होते. कामाच्या ज्या जागी ज्येष्ठतेची कसोटी लागायला हवी, तेथे सभागृह शहाणपणाने वागत आले आहे. वर्षे मोजत बसलेले नाही. मग वर्षे नेमकी कोठे मोजली जातात?

बंगला आणि निवृत्तिवेतन

वर्षे मोजली जातात ती दिल्लीतील निवासस्थानाच्या वाटपात. पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्याला कोणत्या श्रेणीचे घर, माजी राज्यमंत्र्याला कोणते, माजी मुख्यमंत्री वा माजी राज्यपाल असलेल्याला कोणते, याची बारकाईने आखलेली उतरंड राज्यसभेच्या नियमपुस्तिकेत आहे. आम आदमी पक्षाचे राघव चढ्ढा यांना पहिल्याच कार्यकालात सातव्या श्रेणीचा बंगला मिळाला. तो त्यांच्या पात्रतेपेक्षा वरचा आहे म्हणून मार्च २०२३ मध्ये वाटप रद्द झाले आणि प्रकरण थेट दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. साधेपणाच्या घोषणा देत सत्तेवर आलेल्या पक्षाचा तरुण सदस्य बंगल्याच्या श्रेणीसाठी न्यायालयाची पायरी चढतो, आणि सभागृहाचे सचिवालय ज्येष्ठतेची पुस्तिका हाती घेऊन त्याच्याशी भांडते, हे दृश्य ज्येष्ठतेच्या आजच्या बाजारभावावर पुरेसा प्रकाश टाकणारे आहे.

वर्षे मोजली जातात ती निवृत्तिवेतनातही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार माजी खासदाराला दरमहा ३१,००० रुपये निवृत्तिवेतन आहे आणि पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी त्यात दरमहा २,५०० रुपयांची भर पडते. म्हणजे ज्येष्ठता वाढली की पैसा वाढतो. त्या वर्षांत सदस्याने राज्याचा कोणता प्रश्न तडीस नेला, याची नोंद त्या हिशेबात नाही. असावी असे कोणाला वाटतही नाही.

आणि जेथे वर्षे खरोखर मोजायला हवीत तेथे मात्र उलटा कारभार. संसदेच्या २४ विभागीय स्थायी समित्यांपैकी आठ राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत येतात. प्रत्येक समितीत ३१ सदस्य, त्यांतले दहा राज्यसभेचे. एखाद्या विषयाची वर्षानुवर्षे जोपासना करणारे सदस्य तयार व्हायचे असतील तर ते याच समित्यांत. तथापि या समित्यांची मुदत वर्षावर्षाची ठरविली गेली. दर वर्षी पत्ते पिसावेत तशी फेररचना आणि पक्षांच्या सोयीने सदस्यांची अदलाबदल. जलसंपदेत जरा कोठे हात बसू लागला की सदस्य दुसऱ्याच खात्याच्या समितीत जाऊन बसतो. बंगल्यासाठी ज्येष्ठता मोजायची आणि अभ्यासासाठी ती विसरायची, हा न्याय अजब म्हटला पाहिजे.

२००३ चा घाव

या दुखण्याचे मूळ मात्र बंगल्यात नाही. ते २००३ च्या एका कायद्यात आहे, आणि त्याविषयी आपल्या बाजूच्या लोकांनी बोलायचे टाळले आहे.

१९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर देशाचे कायदेमंत्री होते. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात अट होती की, ज्या राज्यातून राज्यसभेवर जायचे त्या राज्यातील एखाद्या लोकसभा मतदारसंघात उमेदवार मतदार असला पाहिजे. मतदार व्हायचे तर तेथे सर्वसाधारणपणे राहायला हवे. अट साधी, पण अर्थ मोठा होता. सभागृहाचे इंग्रजी नाव 'राज्यांची परिषद' असे आहे, आणि राज्याचा माणूस हा त्या राज्याचा रहिवासी असावा, एवढीच ती मागणी होती.

पुढे सर्वच पक्षांनी या अटीशी खेळ मांडला. कोठल्या तरी परराज्यातील कार्यकर्त्याच्या घराचा पत्ता द्यायचा, मतदार यादीत नाव घालायचे आणि दिल्लीला जायचे, असा रिवाज पडला. डॉ. मनमोहन सिंग १९९१ ते २०१९ अशी २८ वर्षे आसामचे सदस्य होते आणि त्यांचा पत्ता गुवाहाटीचा होता. त्यांच्या व्यक्तिगत सचोटीविषयी कोणी शंका घेणार नाही, पण आसामशी त्यांचे नाते त्या पत्त्यापलीकडे किती होते, हे सर्वांना ठाऊक होते. कायदा आणि व्यवहार यांत असे अंतर पडले म्हणजे दोन उपाय असतात. व्यवहार सुधारायचा, अथवा कायदा खाली आणायचा. २००३ मध्ये अटलजींच्या सरकारने दुसरा उपाय निवडला. 'त्या राज्यातील' हे शब्द जाऊन 'भारतातील' हा शब्द आला. देशात कोठेही मतदार असलेला माणूस कोणत्याही राज्यातून राज्यसभेवर जाऊ लागला.

ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर, जे स्वतः नामनियुक्त सदस्य होते, या दुरुस्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ ऑगस्ट २००६ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की रहिवासाची अट ही संविधानाची आज्ञा नाही, संसद ती घालू शकते तशी काढूही शकते. न्यायालयाचा मान राखूनही म्हणावे लागते की, जे घटनाबाह्य नाही ते हिताचे असतेच असे नाही. संसदेने काढलेली अट संसद पुन्हा घालू शकते, हेही त्याच निकालातून निघते. सरकार आपल्या विचारांचे होते म्हणून त्याची चूक चूक राहत नाही, असे मानणे ही भाटगिरी झाली.

फिरती ज्येष्ठता

या दुरुस्तीने ज्येष्ठतेचे काय केले ते पाहावे. पूर्वी निदान कागदोपत्री तरी सदस्याची वर्षे एखाद्या राज्याच्या खात्यावर जमा होत. आता ती उघड उघड पक्षाच्या खात्यावर जमा होतात. नजमाबाईंनी महाराष्ट्रातून १९८० ते २००४ असे चार कार्यकाल काढले. मग पक्ष बदलला, राजस्थान आले आणि त्यानंतर मध्य प्रदेश. राम जेठमलानी महाराष्ट्रातून गेले, पुढे नामनियुक्त झाले, २०१० मध्ये राजस्थानातून आणि २०१६ मध्ये बिहारमधून आले. मनमोहन सिंग अखेरच्या पर्वात राजस्थानचे झाले. प्रकाश जावडेकर महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात गेले आणि पुन्हा महाराष्ट्रात आले. पी. चिदंबरम २०१६ मध्ये महाराष्ट्रातून आणि २०२२ मध्ये तमिळनाडूतून निवडून आले. २०१८ मध्ये भाजपाने केरळच्या व्ही. मुरलीधरन यांना महाराष्ट्रातून पाठविले, तर २०२२ मध्ये काँग्रेसने उत्तर प्रदेशच्या इम्रान प्रतापगढींना. या यादीत एकाच पक्षाचे नाव शोधणाऱ्याची निराशा होईल. सगळ्यांचे हात सारखेच माखलेले आहेत.

या मंडळींत विद्वान आहेत, निष्णात वकील आहेत, कार्यक्षम मंत्री होऊन गेले आहेत. प्रश्न त्यांच्या गुणवत्तेचा नाहीच. प्रश्न असा आहे की, चार कार्यकालांची ज्येष्ठता घेऊन एखादा सदस्य दुसऱ्या राज्यात निघून जातो, तेव्हा महाराष्ट्राच्या हाती काय उरते? महाराष्ट्राच्या जागेवर मिळविलेली वर्षे, ओळखी, समित्यांतील अनुभव हे सारे गाठोडे बांधून तो घेऊन जातो. आपल्या वाट्याला येतो तो नवा सदस्य आणि पुन्हा पहिली पायरी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातून सहा जण बिनविरोध निवडून आले. त्यांपैकी एक माजी मुख्यमंत्री उमेदवारी जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी भाजपामध्ये आले होते आणि एक माजी केंद्रीय राज्यमंत्री महिनाभरापूर्वी शिवसेनेत. प्रफुल्ल पटेल यांचा तर २०२८ पर्यंतचा कार्यकाल शिल्लक होता. तरी ते पुन्हा उभे राहिले, निवडून आले आणि जुनी जागा सोडली. पक्षफुटीच्या कायदेशीर कटकटीवर काढलेला तो तोडगा होता. ज्या सभागृहात असे होऊ शकते तेथे कार्यकाल मोजून ज्येष्ठता ठरविणे म्हणजे वाळूवर रेघ ओढणे होय. आयुष्य वेचून सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता रांगेत उभा राहतो आणि काल दारात आलेला आत जाऊन बसतो, ही खंत प्रत्येक पक्षातील निष्ठावंताची आहे.

'भारत एक नाही काय?'

येथे आपल्यातलेच काही जण एक आक्षेप घेतील, आणि तो गंभीरपणे ऐकून घेण्यासारखा आहे. ते म्हणतील, भारत एक आहे, राष्ट्र एक आहे. मग केरळचा माणूस महाराष्ट्रातून गेला तर बिघडले कोठे? आपण प्रांतवादी कधीपासून झालो?

उत्तर असे की, येथे जन्माचा प्रश्नच नाही. प्रश्न राहण्याचा आहे. नानाजी देशमुख हिंगोलीजवळच्या कडोळीचे. त्यांनी गोंड्यात आणि चित्रकूटमध्ये आपले आयुष्य ओतले. १९७७ मध्ये ते बलरामपूरमधून लोकसभेवर गेले, तेव्हा त्यांना कोणी परका म्हटले नाही. कारण ते तेथे राहिले, तेथल्या धुळीत मिसळले. १९९९ मध्ये ते राज्यसभेत आले तेही नामनियुक्त होऊन, कोण्या राज्याची जागा अडवून नव्हे. एकात्मता म्हणजे काय ते नानाजींनी दाखवून दिले. जेथे जाल तेथले व्हा, हे तिचे सूत्र. कोठलेच न होता सर्व राज्यांचे सदस्यत्व भोगणे याला एकात्मता म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप बाबासाहेबांच्या नावाने घेतला जातो. १९४६ मध्ये ते संविधान सभेवर बंगालमधून निवडून गेले होते, मग रहिवासाचा आग्रह कशाला? पण तेव्हा मुंबईच्या विधिमंडळाची दारे त्यांच्यासाठी बंद होती आणि बंगालने ती उघडली, हा इतिहास आहे. फाळणीनंतर ती जागा गेली तेव्हा १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले आणि १९५२ मध्ये राज्यसभेत गेले तेही मुंबईतून. रहिवासाची अट असलेला कायदा त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात झाला. अपवादाचा नियम करणाऱ्यांनी बाबासाहेबांची साक्ष काढू नये.

तिसरा युक्तिवाद तज्ज्ञांचा. देशाला अर्थतज्ज्ञ हवेत, कायदेपंडित हवेत. ते लोकसभा लढवू शकत नाहीत. ठीक आहे. त्यासाठी राष्ट्रपतींनी नामनियुक्त करावयाच्या १२ जागा आहेतच. महाराष्ट्राचेच म्हणाल तर महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि मामा वरेरकर त्या वाटेने गेले; जुलै २०२५ मध्ये उज्ज्वल निकमही त्याच वाटेने गेले. शिवाय प्रत्येक तज्ज्ञ कोठे तरी राहतोच की. त्याला त्याच्या राज्याने पाठवावे.

औंधाची साखळी

आता थोडे आटपाडीकडे वळू या. हा तालुका औंध संस्थानचा. औंध, कुंडल, आटपाडी आणि आज कर्नाटकात असलेला गुणदाळ असे संस्थानचे चार तालुके होते. जानेवारी १९३९ मध्ये राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आणि अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने आपली सत्ता रयतेच्या हाती सोपविणारी राज्यघटना दिली. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही मुक्त कारागृह वसाहत त्याच काळातली. ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीने ती पुढे 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटात देशभर नेली.

त्या घटनेत गाव पंच निवडीत असे, पंचायतींतून तालुका समिती होई आणि तालुक्यांतून संस्थानच्या विधिमंडळात माणसे जात. निवडणूक अप्रत्यक्षच होती, राज्यसभेसारखी. पण तिच्यात एक साखळी होती. विधिमंडळात बसलेला माणूस आधी आपल्या गावचा पंच असे. तो सभेहून परतला की पारावर त्याला विचारणारे कोणी तरी असे. त्याची ज्येष्ठता वाढली की गावाची वाढे.

राज्यसभेचीही साखळी कागदावर अशीच आहे. आटपाडीचा मतदार आमदार निवडतो आणि आमदार राज्यसभेचा सदस्य निवडतो. पण २००३ नंतर साखळीची अखेरची कडी निखळली आहे. आमदाराने मत द्यायचे ते पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून, आणि ज्याला द्यायचे तो राज्यात राहतोच असे नाही. मग आटपाडीने विचारायचे कोणाला? ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले, ते योग्यच झाले. पण त्या चिमुकल्या संस्थानाने प्रतिनिधित्वाचा जो अर्थ ओळखला होता, तो एवढ्या मोठ्या प्रजासत्ताकाने हरवावा, याचा विषाद वाटतो.

कृष्णेचे पाणी कोणाच्या आठवणीत आहे?

हे सारे तात्त्विक वाटत असेल तर सांगली जिल्ह्याने आपल्या उंबऱ्याकडे पाहावे. पूर्वेला आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तडफडलेले तालुके. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने माणदेशापर्यंत आणायचे, यासाठी इथल्या माणसाने दशके वाट पाहिली. पश्चिमेला कृष्णाकाठ, जो २००५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये महापुरात बुडाला. एकीकडे तहान आणि दुसरीकडे पूर, आणि दोन्हींचा धागा एकाच नदीशी, म्हणजेच राज्याराज्यांतील वाटपाशी जोडलेला.

बच्छावत लवादाने १९७० च्या दशकात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. दुसरा कृष्णा लवाद २००४ मध्ये नेमला गेला आणि डिसेंबर २०१० मध्ये त्याने निवाडा दिला. त्यात अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कर्नाटकाला मोकळीक मिळाली. २०११ पासून तो निवाडा सर्वोच्च न्यायालयातील वादात अडकला. म्हणजे एकच प्रश्न अर्धशतक चालतो आहे. इतक्या काळात सरकारे आली आणि गेली, अधिकारी निवृत्त झाले, मूळ कागद वाचलेली माणसे राहिली नाहीत.

राज्याराज्यांतील असा प्रदीर्घ वाद ज्याच्या डोक्यात तारीखवार आहे, जो १२ नव्हे १८ वर्षे त्याच विषयाचा पाठपुरावा करतो, दुसऱ्या राज्याच्या सदस्याशी सभागृहात तितक्याच अधिकाराने बोलतो, अशा माणसासाठीच राज्यांची परिषद निर्माण केलेली आहे. ज्येष्ठतेचा खरा उपयोग येथे आहे. ज्याला सांगलीचा पूर वर्तमानपत्रातून कळतो आणि जो पुढच्या वेळी दुसऱ्याच राज्याचा सदस्य होणार आहे, त्याच्याकडून ही अपेक्षा करता येणार नाही. तोच सदस्य उद्या अलमट्टीच्या पलीकडच्या राज्यातून निवडून आला तर तो कोणाच्या बाजूने बोलेल?

अमेरिकेच्या सिनेटमध्ये ज्येष्ठतेला आपल्याहून कितीतरी अधिक वजन आहे. पण तेथील संविधानाची अट आहे की सिनेटर निवडून येताना त्या राज्याचा रहिवासी असला पाहिजे. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड १९५९ ते २०१० अशी ५१ वर्षे सिनेटमध्ये राहिले. कोळशाच्या खाणींच्या त्या गरीब राज्याला त्यांच्या ज्येष्ठतेने रस्ते दिले, संस्था दिल्या. या पद्धतीचे दोषही आहेत. स्ट्रॉम थरमंड वयाची शंभरी पुरी होईतो जागा अडवून बसले होते. तो दोष आपण घेऊ नये. पण सदस्याची ज्येष्ठता ही त्याच्या राज्याची मिळकत असते, हा धडा मात्र जरूर घ्यावा.

उपाय कठीण नाहीत

करायचे काय, तर चार गोष्टी. पहिली, १९५१ च्या कायद्यातील रहिवासाची अट परत आणावी आणि ती पत्त्याच्या खेळाने चुकविता येणार नाही अशी करावी. उमेदवार निवडणुकीपूर्वी सलग पाच वर्षे त्या राज्यात राहिलेला असावा. दुसरी, ज्येष्ठतेची गणना जेथे जेथे होते, तेथे एकाच राज्याच्या सेवेत घालविलेली सलग वर्षेच धरावीत. राज्य बदलले की गणना नव्याने सुरू व्हावी. तिसरी, समित्यांची मुदत सदस्याच्या कार्यकालाशी जोडावी, म्हणजे विषयाची जोपासना होईल. आणि चौथी गोष्ट तर कायदा न बदलताही करता येईल. महाराष्ट्राच्या १९ सदस्यांनी वर्षातून एकदा आपल्या कामाचा लेखी अहवाल विधानसभेच्या पटलावर ठेवण्यास द्यावा आणि त्यावर चर्चा व्हावी. ज्या आमदारांनी त्यांना पाठविले, त्यांना विचारण्याचा हक्क नाही काय?

वयाची मर्यादा घालावी अशी एक सूचना अधूनमधून होते. तिची गरज नाही. ८० वर्षांचा अभ्यासू सदस्य हा ४० वर्षांच्या मुक्या सदस्याहून शतपटीने बरा. वृद्धत्व हा दोष नव्हे. धर्माचे न बोलणारे वृद्धत्व हा दोष आहे, आणि राज्यसभेच्या संदर्भात धर्म म्हणजे आपल्या राज्याविषयीचे कर्तव्य.

हे आपोआप होणार नाही. कोणत्याही पक्षाच्या दिल्लीतील नेतृत्वाला ही व्यवस्था सोयीची आहे आणि सोय सोडायला कोणी स्वतःहून तयार होत नाही. म्हणून आग्रह खालून धरावा लागेल. राज्यसभेची पुढची निवडणूक येईल तेव्हा आटपाडी, विटा, जत, तासगाव येथील सुजाण नागरिकांनी, कार्यकर्त्यांनी आपापल्या आमदारांना गाठावे आणि दोन साधे प्रश्न विचारावेत. तुम्ही ज्याला मत देणार आहात तो महाराष्ट्रात राहतो काय? आणि कृष्णेच्या पाण्याविषयी त्याला काय ठाऊक आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर दुसरा विचारण्याचे कारणच उरणार नाही.